मदत हवी आहे: शेतातून रस्ता गेला, मोबदला नाही, सातबारा मात्र वडिलांच्याच नावावर

मंडळी, जमिनीच्या कायद्याची माहिती असणाऱ्यांकडून सल्ला हवा आहे.

गावाकडे वडिलांच्या नावावर जिरायत जमीन आहे. मी शाळेत असताना तिच्यातून सरकारी रस्ता काढला. नोटीस नाही, मोजणी नाही, पैसे तर नाहीतच. गावाचं काम म्हणून कोणी आडवं गेलं नाही. आता रुंदीकरण निघालंय आणि खुणेचे दगड पार विहिरीपर्यंत आलेत. कार्यालयात विचारलं तर म्हणतात, "वडिलांनी तेव्हा तोंडी संमती दिली होती. आणि सातबारा तुमच्याच नावावर आहे ना, मग जमीन घेतली कुठे?"

घटनेचं कलम ३००अ वाचलं. मालमत्तेचा हक्क १९७८ च्या ४४व्या दुरुस्तीने मूलभूत हक्कांतून गेला, तरी कायद्याच्या आधाराशिवाय कोणाला मालमत्तेपासून वंचित करता येत नाही, इथवर कळलं. अडलंय पुढे. कागदावर मालकी आहे, पण त्या पट्ट्यात नांगर घालता येत नाही. याला कायदा 'वंचित करणे' म्हणतो का? आणि इतक्या वर्षांनी मागितलं तर मुदत संपली म्हणून परत पाठवतील का? रस्त्याला विरोध नाही, आम्हीही तोच वापरतो.

प्रतिसाद: हो, म्हणतो. ताबा आणि वहिवाट गेली की नुसत्या नावाला काय अर्थ? विद्या देवी विरुद्ध हिमाचल प्रदेश सरकार (२०२०) हा निकाल वाचा. १९६७-६८ मध्ये रस्त्यासाठी जमीन घेतली, भूसंपादन केलंच नाही. बाई हायकोर्टात गेल्या २०१० मध्ये. सरकारने तोंडी संमती, उशीर, वर प्रतिकूल ताबा (इतकी वर्षं ताबा आमच्याकडे, म्हणून जमीन आमची) असं सगळं मांडून पाहिलं. सर्वोच्च न्यायालयाने काहीच ऐकलं नाही, भरपाई द्यायला लावली.

तरी उशीर दरवेळी माफ होतोच असं नाही. आधी माहिती अधिकारात त्या गटाचा भूसंपादन निवाडा (जमीन घेताना मोबदला ठरवणारा सरकारी आदेश) मागा. 'अभिलेख उपलब्ध नाही' असं लेखी आलं तरी ते उपयोगाचं. भूमी अभिलेखकडून मोजणी करून रस्त्याखालचं क्षेत्र नकाशावर आणा. हायकोर्टात रिट याचिका की दिवाणी दावा, ते वकील ठरवतील. दाव्याआधी सरकारला दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८० ची दोन महिन्यांची नोटीस द्यावी लागते. आणि मोबदल्याचा आकडा लिहिल्याशिवाय रुंदीकरणाच्या संमतीपत्रावर वडिलांची सही होऊ देऊ नका.

धागाकर्ता: सहीचं बरं सांगितलंत, कोरे फॉर्म घेऊन माणूस येऊन गेलाय. निवाड्याचा अर्ज भूसंपादन अधिकाऱ्याकडे करू की बांधकाम खात्याकडे?

प्रतिसाद: दोन्हीकडे. नाहीतर एक दुसऱ्याकडे बोट दाखवतो. पोच घ्या.