‘तिरंगी’ टमाटा खाल्ला तर काय होतं? काही होत नाही!

तापीकाठचा (चोपडा)
परवापासून एक पोस्ट प्रत्येक ग्रुपवर आदळतेय. कापलेल्या टमाट्याचा फोटो, अर्धा लाल, अर्धा पिवळा, मध्ये पांढरट कडक गाभा. खाली मजकूर: ‘टोमॅटोत घातक व्हायरस. खाल्ल्यास आतड्याचे विकार. लहान मुलांना देऊ नका. शेतकरी माहीत असून विकत आहेत.’ शेवटचं वाक्य नसतं तर मी गप्प बसलो असतो.

मे २०२० आठवतो का? जुन्नर, अकोले, संगमनेरकडे टमाटा असाच रंगीबेरंगी पिकायला लागला आणि लोकांनी त्याचं नाव ‘तिरंगा’ ठेवलं. करोनाची टाळेबंदी चालू, त्यात टीव्हीवर ‘टोमॅटोमध्ये व्हायरस’ची पट्टी. बस्स. गिऱ्हाईकाने टमाट्याला हात लावणं सोडलं. नमुने बंगळूरच्या बागवानी संशोधन संस्थेत गेले, त्यात सीएमव्ही निघाला. तोच तो काकडीचा मोझॅक विषाणू, मावा नावाची बारीक रसशोषक कीड पसरवते तो. झाडाचा रोग झाडाला. माणसाला त्याने काही होत नाही, हे तेव्हाही शास्त्रज्ञ सांगत होते, पण तोवर माल उकिरड्यावर गेला होता.

आणि पिवळा दिसला की विषाणूच, असंही नाही हो. टमाट्याचा लाल रंग येतो लायकोपीनमुळे, आणि तापमान ३०-३२ अंशांच्या वर राहिलं की ते तयार होणंच मंदावतं. पिवळं रंगद्रव्य मात्र तयार होत राहतं. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा ४४-४५ ला टेकतो. मग टमाटा लाल होईल कसा? राहुरी कृषी विद्यापीठाची ‘धनश्री’ तर जातच नारिंगी फळाची आहे. उद्या तिलाही व्हायरस म्हणा.

सौ_जळगावकर
भाऊ, व्हायरसचं राहू द्या बाजूला. एवढंच सांगा, घरी खायला तुम्ही त्याच वावरातले टमाटे आणता की बांधावर चार रोपं वेगळी ठेवता? माझ्या दिरांची शेती पाचोऱ्याकडे आहे. तिथे गेलं की जाऊबाई म्हणतात, ‘त्या सरीचे तोडू नको, काल औषध मारलंय.’ आणि दुसऱ्या दिवशी त्याच सरीचे टमाटे कॅरेटमध्ये भरून बाजाराला. म्हणजे जावेला चालत नाही आणि जळगावच्या बाईला चालतं. व्हायरसची पोस्ट खोटी असेल, पण भीती खोटी नाहीये.

मेहरूणचा_मन्या
ताईंशी सहमत. शिवाय बियांनी मुतखडा होतो तो वेगळाच.

लॅब_कोट
मन्याभाऊ, टमाट्यात ऑक्झलेट कमी असतं, पालकात त्याच्या कितीतरी पट. तुम्ही पालकाची भाजी चाटूनपुसून खाता आणि टमाट्याच्या बिया काढत बसता. उन्हाळाभर घाम गाळून पाणी कमी प्यायलात तर खडा होईल, त्याचं बघा.

आता मुद्द्याचं. विषाणूबाबत तापीकाठचा बरोबर. मिरचीवर पेपर माइल्ड मॉटल नावाचा एक विषाणू येतो. तो माणसाच्या विष्ठेत ढिगाने सापडतो हे २००६ मध्ये दिसून आलं. आता पाण्यात सांडपाणी मिसळलंय का हे ओळखायला त्याचाच उपयोग करतात. म्हणजे तिखट खाणाऱ्याच्या पोटातून वनस्पतींचे विषाणू बिनबोभाट ये-जा करतात. ठेचा खाणाऱ्या खानदेशाने तरी टमाट्याच्या विषाणूला भिऊ नये.

पण ताईंचा प्रश्न खरा आहे आणि त्याला वरच्या लेखात बगल दिलीय. औषधाच्या लेबलावर फवारणी ते तोडणी यात किती दिवस सोडायचे ते लिहिलेलं असतं, प्रत्येक औषधाचं वेगळं. ज्या औषधाला त्या पिकासाठी मर्यादा ठरवलेलीच नाही, त्याला अन्नसुरक्षा प्राधिकरण किलोला ०.०१ मिलिग्रॅम धरतं. मोनोक्रोटोफॉस भाजीपाल्यावर मारायला २००५ पासूनच मनाई होती. आंतरप्रवाही, म्हणजे झाडाच्या आत भिनणारं औषध असेल तर मिठाच्या पाण्यात, सोड्याच्या पाण्यात कितीही धुवा, वरचं निघेल, आतलं निघणार नाही.

तापीकाठचा (चोपडा)
बगल दिली नाही, विषय वेगळा होता. पण विचारलंच आहे तर ऐका.

हंगामात तोडा दर तीन-चार दिवसांनी येतो. लेबलावर सात दिवस लिहिलेत. मधला तोडा काय करू, झाडावर पिकू देऊ? लाल झालेला माल नेला की आडत्या ‘नरम आहे’ म्हणून भाव पाडतो. मी स्वतः तोडा झाल्यावर त्याच संध्याकाळी फवारतो आणि तोडे चालू झाल्यावर लांब मुदतीचं औषध घेतच नाही. सगळे असं करतात का? नाही करत. ताई, तुमच्या जाऊबाईंचं चुकतं, मान्य. लिहून घ्या, शेतकऱ्याने मान्य केलं.

आता तुम्हीही एक मान्य करा. जुलै २०२३ मध्ये टमाटा शंभराच्या पार गेला तेव्हा सरकारने ९० रुपये किलोने दिल्लीत विकला आणि बायका रांगेत उभ्या राहिल्या. तेव्हा कोणी विचारलं नाही औषध काय मारलं म्हणून. नंतर भाव कोसळला तेव्हा कोणाच्या ग्रुपवर पोस्ट फिरली?

सौ_जळगावकर
भावाचा आणि औषधाचा काय संबंध? टमाटा महाग होता म्हणून विष माफ?

पुण्यातला_खानदेशी
मूळ दुखणं संकरित बियाण्याचं आहे. आमच्या आजीच्या काळी गावरान टमाटा असायचा, आंबट, पातळ सालीचा. ना औषध, ना तिरंगा. आणि संशोधनाचं कौतुक मला सांगू नका. टमाट्याचा अख्खा जनुकीय नकाशा २०१२ मध्ये छापून आला, त्यात पाचवं गुणसूत्र भारताच्या वाट्याला होतं. बरं मग? चोपड्याच्या शेतकऱ्याला त्याचा काय उपयोग झाला? पेपर छापायचे, बढत्या घ्यायच्या.

शेडनेट_पारोळा
कोथरूडच्या बाल्कनीतून गावरान फार गोड लागतं. टमाटाच मुळी दक्षिण अमेरिकेतला, पोर्तुगीजांमागून आला. त्याचं ‘गावरान’ किती जुनं धरायचं?

माझी रोपवाटिका आहे, उपयोग मी सांगतो. लीफ कर्लला, म्हणजे पानं आक्रसवणाऱ्या विषाणूरोगाला, सहन करणाऱ्या ज्या जाती आज विकल्या जातात, त्यात टीवाय-१, टीवाय-२, टीवाय-३ ही जनुकं जंगली टमाट्यातून आणलेली आहेत. आपल्याकडे पांढरी माशी कपाशीवर पोसली जाते आणि कपाशी वाळायला लागली की टमाट्यावर उतरते. खानदेशात कपाशीच्या शेजारी टमाटा लावणारा माणूस या जनुकांशिवाय उभा राहू शकत नाही. बंगळूरच्या संस्थेच्या ‘अर्का रक्षक’ या जातीमध्ये लीफ कर्ल, जिवाणूजन्य मर आणि लवकर येणारा करपा अशा तिघांना एकत्र प्रतिकार आहे. एका झाडाला १९ किलोची बातमी मीही वाचली. ते आकडे बंगळूरच्या हवेतले, जळगावच्या उन्हात नाहीत, हेही गिऱ्हाइकाला सांगतो. पण म्हणून संशोधन फुकट?

केळीवाला_रावेर
सीएमव्ही म्हणालात ना वरती? मग आता मला बोलू द्या.

तुमचा तिरंगा तो आमचा केळीवरचा हरण्या रोग. विषाणू एकच. टमाट्याला झाला तर फळ पिवळं पडतं, टीव्हीवर येतं. केळीला झाला तर पानावर पट्टे येतात, पोंगा, म्हणजे मधलं गुंडाळलेलं नवं पान, सडतो आणि झाड उपटून फेकावं लागतं. पावसाळ्याच्या तोंडावर मृगबाग लावली, श्रावणात ढगाळ हवा, रिमझिम, आणि महिनाभरात बागेत नुसती भगदाडं. रोपाचा खर्च, ठिबकचा खर्च, वरून उपटायची मजुरी. रावेर-यावलमध्ये असं कोणाचं झालं नाही ते विचारा. विद्यापीठ ओरडून सांगतं की केळीत आणि केळीच्या आजूबाजूला काकडी, भोपळा, टमाटा, मिरची, वांगी लावू नका. आणि माझ्या शेजाऱ्याने बांधाला लागून टमाटा लावला, मधे काकडीचे वेल. मी सांगायला गेलो तर म्हणतो, ‘अप्पा, माझं वावर आहे.’ मावा काय सातबारा बघून उडतो?

तुम्ही इथे माणसाला काही होत नाही म्हणून नाचताय. केळीवाल्याला होतं ना!

तापीकाठचा (चोपडा)
आता आलं मूळपदावर. टमाटेवाला गुन्हेगार! अप्पा, वडीलधारे आहात म्हणून जपून बोलतो. हा विषाणू हजाराहून जास्त जातींच्या झाडांवर राहतो. तुमच्या केळीच्या ओळीत, ठिबकच्या नळीखाली केना हे तण माजलेलं असतं की नाही? हरण्याचं तेच घर. आणि मातृरोपाची विषाणूचाचणी न करता टिश्यूकल्चरची रोपं स्वस्तात उचलली असतील तर रोग शेजाऱ्याच्या बांधावरून नाही, ट्रेमधूनच आला. त्या रोपांना प्रमाणपत्राची व्यवस्था २००६ पासून आहे. तुम्ही प्रमाणपत्र मागितलं होतं का?

टमाट्यावर आळ घ्यायची खोड सगळ्या जगाला आहे. २००८ मध्ये अमेरिकेत साल्मोनेलाची साथ आली, पहिला संशय टमाट्यावर. दुकानांतून, हॉटेलांतून टमाटा उचलला, शेतकरी झोपले. शेवटी निघाली कोण? मिरची.

केळीवाला_रावेर
अमेरिकेचं अमेरिकेला. प्रमाणपत्राची गोष्ट मला शिकवू नको. रोपं आगाऊ पैसे भरून मिळतात, गाडी दारात उभी राहिली की मग कागद बघायचा का खड्डे? केना आहे. कोणाच्या बागेत नाही? पण केना गप्प बसलेला असतो. माव्याला पोसतात तुझे वेल.

लॅब_कोट
केना गप्प बसत नाही अप्पा, मावा त्याच्यावरही बसतो. दोघेही अर्धे बरोबर आहात, आणि दोघांनाही ते आवडणार नाही.

केळीवाला_रावेर
अर्धं बरोबर म्हणजे अर्धं नुकसान भरून देणार का तुमची लॅब?

पुण्यातला_खानदेशी
मूळ चर्चा अन्नसुरक्षेची होती, केळी कुठून आली?

केळीवाला_रावेर
रावेरहून आली. तुला नको असेल तर खाऊ नको.

शेडनेट_पारोळा
खरं तर केळीवरूनच अन्नसुरक्षेपर्यंत जाता येतं. माव्याने झाडात सोंड खुपसली की काही सेकंदांत सीएमव्ही आत जातो. तुमचं औषध त्याला मारेपर्यंत त्याचं काम झालेलं असतं. पांढऱ्या माशीचं वेगळं आहे, तिला लीफ कर्ल पसरवायला जास्त वेळ रस शोषावा लागतो, म्हणून तिथे रोपाला जाळी, सापळे, वेळेवर फवारणी याचा काही उपयोग होतो. पण तिरंगा दिसला, हरण्या दिसला की लोक दुकानात धावतात आणि दुकानदार ‘व्हायरसचं औषध’ म्हणून दोन-तीन बाटल्या हातात देतो. झाडात शिरलेल्या विषाणूवर फवारायचं औषध नसतंच! ते मारलेलं सगळं फुकट, आणि ताईंच्या ताटात जातं ते हेच. आमच्या भागातल्या एका दुकानदाराने माझ्या समोर एकाला टॉनिक, बुरशीनाशक आणि कीटकनाशक एकाच पंपात कालवून दिलं. विचारलं तर म्हणाला, ‘काहीतरी लागू पडेल.’

सौ_जळगावकर
म्हणजे व्हायरसच्या भीतीने माणूस टमाटा सोडतो आणि शेतकरी औषध वाढवतो. छान. ती पोस्ट मी पुढे पाठवली होती दोन ग्रुपवर. आता काढते, पण तुमच्यासाठी नाही हं तापीकाठचे भाऊ, पारोळेवाल्यांसाठी. आणि दिरांच्या घरी मी अजूनही त्या सरीचे टमाटे खाणार नाही.

तापीकाठचा (चोपडा)
नका खाऊ. माझ्याकडचे घेऊन जा, कोणत्या तारखेला काय मारलं ते वहीत लिहिलेलं आहे, बघून घ्या. भाव मात्र बाजारभाव.

मेहरूणचा_मन्या
तंबाखू मळलेल्या हातानेही टमाट्याला रोग येतो म्हणतात, ते खरं का तेही व्हॉट्सॲप?

लॅब_कोट
खरं आहे. टोबॅको मोझॅक विषाणू विडी-तंबाखूतून हाताला लागून येऊ शकतो, म्हणून बांधणी करणाऱ्या मजुरांनी साबणाने हात धुवायचे असतात. सांगून बघा तुमच्या मजुरांना.

तापीकाठचा (चोपडा)
सांगितलं होतं. दुसऱ्या दिवशी निम्मेच आले.

शिरपूरना_भाऊ
तुम्ही भांडा आरामथीन. मना वावरमा टमाटाना पाने वाकडा व्हई ग्यात. दुकानदार तीन बाटल्या दी राहिना. लेऊ का नको?

शेडनेट_पारोळा
भाऊ, खालची जुनी पानं वरच्या बाजूला वळलीत की शेंड्याची नवी पानं बारीक, पिवळट, आक्रसलेली आहेत? खालची असतील तर ऊन आणि पाण्याची ओढ आहे, ठिबक बघ, झाड सावरेल.

शिरपूरना_भाऊ
शेंडानी. नवी.

शेडनेट_पारोळा
मग बाटल्या घेऊ नको. थोडीच झाडं असतील तर आजच उपट, तिथेच पिशवीत भर आणि वावराबाहेर नेऊन पूर. बाकीच्यात पिवळे चिकट सापळे लाव. पांढरी माशी फार दिसली तरच एक औषध, तेही लेबल वाचून, आणि तोडा झाल्यावर.

केळीवाला_रावेर
शिरपूरला माझ्या साल्याची केळी आहे. त्याच्या बांधाकडे पुरू नको म्हणजे झालं.