एक पिट बॉक्स, दोन गाड्या: टीममेटना खरंच सारखी वागणूक मिळते का?

लेटब्रेकर

२०२५चं फॉर्म्युला वन विजेतेपद लँडो नॉरिसने ४२३ गुणांवर घेतलं. मॅक्स व्हर्स्टॅपन ४२१वर, ऑस्कर पियास्त्री ४१०वर. आता ७ सप्टेंबरची मोंझाची शर्यत आठवा. पियास्त्री आणि नॉरिस दोघेही मॅक्लारेनचे. पिट स्टॉपनंतर पियास्त्री नॉरिसच्या पुढे निघाला होता. टीमने त्याला रेडिओवर जागा परत द्यायला सांगितलं आणि त्याने ती दिली. दुसऱ्या क्रमांकाला १८ गुण, तिसऱ्याला १५. ती अदलाबदल झाली नसती आणि बाकी सगळं तसंच घडलं असतं, तर नॉरिस ४२०वर अडकला असता आणि व्हर्स्टॅपन एका गुणाने विजेता ठरला असता.

टीममेटना समान वागणूक मिळूच शकत नाही, असं माझं मत आहे. टीमची नियत चांगली असली तरीही. गाड्या दोन, पण पिट बॉक्स, म्हणजे चाकं बदलायला थांबायची जागा, एक आणि चाकं बदलणारी वीसेक जणांची तुकडीही एकच. कुणीतरी आधी आत येणार, कुणीतरी नंतर. आधी येणाऱ्याला एक पूर्ण लॅप ताज्या टायरवर मिळतो. जुन्या टायरवर बाहेर राहिलेला तेवढ्यात एक-दोन सेकंद गमावतो. हाच अंडरकट. दोघांमधलं अंतर तेवढंच असेल, तर आत बोलावण्याचा क्रम ठरला की निकालही ठरला. सेफ्टी कार (अपघातानंतर सगळ्यांचा वेग रोखायला ट्रॅकवर उतरणारी गाडी) आली तर दोघांना एकदम बोलावता येतं, पण मग मागच्याला पुढच्याची चाकं बसेपर्यंत ताटकळावं लागतं आणि तेवढ्यात दोन-तीन गाड्या पुढे सटकतात.

क्रमाला बरोबरी नसते. आणि टीम मागाहून तो क्रम दुरुस्त करायला गेली की नवा अन्याय होतो. मोंझात तेच झालं.

पिटवॉल

साफ असहमत. नियम आधी ठरलेला हवा आणि दोघांना सारखा लागू हवा. याहून जास्त समानता कुठल्याच खेळात मिळत नाही. हॅमिल्टन-रोसबर्गच्या वर्षांत मर्सिडीजचा नियम असा होता की जो ट्रॅकवर पुढे, त्याला थांबण्याची पहिली निवड. पुढे कोण हे शनिवारच्या क्वालिफायिंगमध्ये, म्हणजे सुरुवातीच्या जागा ठरवणाऱ्या फेरीत, आणि सुरुवातीच्या कोपऱ्यांवर ठरतं, मालकाच्या केबिनमध्ये नाही.

तुम्ही मोंझा सांगितलंत, हंगेरी २०२४ सोडलंत. तिथे पियास्त्री पुढे होता. मागून हॅमिल्टनचा धोका नको म्हणून मॅक्लारेनने नॉरिसला ४५व्या लॅपला आत घेतलं आणि पियास्त्रीला ४७व्या लॅपला. अंडरकटमुळे नॉरिस पुढे आला. ७० लॅपच्या त्या शर्यतीत ६८व्या लॅपला त्याने जागा परत दिली, पियास्त्रीने आपली पहिली ग्रां प्री जिंकली. नॉरिस तेव्हा गुणतालिकेत व्हर्स्टॅपनचा पाठलाग करत होता, तरी त्याने सात गुण सोडले. एकदा याला, एकदा त्याला, नियम तोच. याला समान वागणूक म्हणायचं नाही तर कशाला?

लेटब्रेकर

हंगेरीबद्दल वाद नाही. तिथे जागा फक्त क्रमामुळे बदलली होती आणि क्रम टीमने उलटवला होता. मोंझात तसं नव्हतं. फेरारीचा लक्लेर मागून येत होता म्हणून पियास्त्रीला आधी, ४५व्या लॅपला बोलावलं. त्याचा स्टॉप १.९ सेकंदांचा. पुढच्या लॅपला नॉरिस आला, पुढच्या डाव्या चाकाचा नट फिरवणारी गन दगा देऊन गेली आणि स्टॉप ५.९ सेकंदांवर गेला. चार सेकंद तिथे गेले. संथ स्टॉप हा शर्यतीचा भाग असतो असं आपलं ठरलेलं आहे, हे पियास्त्रीने रेडिओवर सांगितलंही.

आता त्याच्या आदल्याच रविवारची झँडवूर्ट घ्या. नॉरिस दुसरा होता, गाडीने तेल सोडलं, शर्यत संपली. १८ गुण बुडाले आणि पियास्त्रीने २५ घेतले. ती भरपाई कुणी मागितली नाही, आणि बरोबरच केलं. मग एका रविवारी तेलाची गळती म्हणजे नशीब आणि पुढच्या रविवारी चाकाची गन म्हणजे टीमची जबाबदारी, ही रेघ कुणी आणि कधी मारली?

पिटवॉल

ती रेघ नॉरिसने आत यायच्या आधीच मारलेली होती. पुढे तो होता, पहिला हक्क त्याचा होता. तो त्याने टीमच्या सोयीसाठी सोडला आणि अंडरकट होणार नाही असा शब्द घेऊन मगच सोडला. दिलेला शब्द स्टॉप लांबला म्हणून मोडायचा, तर पुढच्या वेळी कुठला ड्रायव्हर आपला हक्क सोडेल? लक्लेरपासून वाचवलं गेलं ते पियास्त्रीलाच.

कर्ब_रायडर

पण नॉरिस आधी आला असता तरी ती गन तशीच अडकली असती. चार सेकंद तेव्हाही गेले असते, आणि पियास्त्री पुढच्या लॅपला चांगल्या स्टॉपने पुढे निघाला असता. शब्द अंडरकटपुरता होता. जागा अंडरकटने गेली नाही, चाकाने गेली. त्यामुळे लेटब्रेकर यांच्याशी सहमत.

टॉर्कमीटर

चर्चा पिट स्टॉपवरच अडकली आहे. शर्यतीआधी, कारखान्यात होणारी असमानता मोठी आहे आणि ती टीव्हीवर दिसत नाही.

नवा फ्लोअर (गाडीचा तळ) किंवा फ्रंट विंग (नाकावरचा पंख) येते तेव्हा पहिल्यांदा बहुधा एक-दोन नगच तयार असतात. कार्बनचे थर साच्यात बसवा, ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे दाबाच्या भट्टीत भाजा, वजन टाकून तपासा, मग विमानात चढवा, या सगळ्याला वेळ लागतो. २०२१पासून खर्चावर मर्यादा आली, त्यामुळे टीम सुटे भागही मोजूनच बनवतात. २०२३मध्ये मॅक्लारेनची मोठी सुधारणा ऑस्ट्रियात फक्त नॉरिसच्या गाडीला लागली, पियास्त्रीला एका आठवड्याने सिल्व्हरस्टोनला मिळाली. यात कपट नव्हतं. तरी त्या रविवारी एकाच रंगाच्या दोन वेगळ्या गाड्या धावल्या.

आणि नग दोन असले तरी? सिल्व्हरस्टोन २०१०. रेड बुलने नव्या घडणीच्या दोन फ्रंट विंग आणल्या, एक वेटेलला, एक मार्क वेबरला. शनिवारी सकाळच्या सरावात वेटेलची विंग तुटली. वेबरच्या गाडीची काढून वेटेलला बसवली, कारण काय, तर गुणतालिकेत वेटेल पुढे होता. पोल, म्हणजे ग्रिडवरची पहिली जागा, वेटेलला मिळाली. रविवारी वेबर जिंकला आणि दुय्यम ड्रायव्हरच्या मानाने हे वाईट नाही, असं त्याने रेडिओवर टीमला सुनावलं. इथे नियम नव्हता असं म्हणता येणार नाही. पण तो नियम आहे हे वेबरला त्या दुपारी कळलं. पिटवॉल, तुमच्या व्याख्येत 'आधी ठरलेला' या दोन शब्दांवर सगळा भार आहे, आणि तेवढंच बहुतेक टीम पाळत नाहीत.

अंडरस्टिअर

भाग सारखे दिले तरी गाडी सारखी होत नाही, हा मुद्दा कुणीच घेतला नाही.

रेड बुलची दुसरी सीट बघा. गास्ली २०१९मध्ये १२ शर्यतींनंतर हलवला गेला. मग अल्बन, मग पेरेझ, २०२५मध्ये लॉसन दोन शर्यतींपुरता, मग त्सुनोडा. २०२३मध्ये व्हर्स्टॅपनचे ५७५ गुण आणि त्याच गाडीत पेरेझचे २८५. इतके ड्रायव्हर एकामागोमाग अचानक गाडी चालवायला विसरत नाहीत.

व्हर्स्टॅपनला गाडीचं नाक कोपऱ्यात झटकन वळायला हवं असतं. मागची बाजू सैल झाली तरी तो ती सांभाळतो. दुसऱ्याला ब्रेक सोडताना मागचं टोक निसटतंय असं वाटतं, तो स्टिअरिंग वळवायला कचरतो, प्रत्येक कोपऱ्यावर थोडा वेळ जातो. मग त्याचे इंजिनिअर पुढच्या विंगचा फ्लॅप कमी करतात, मागची पकड वाढवतात. गाडी शांत होते आणि हळूही होते, कारण ती त्या मांडणीसाठी घडवलेलीच नाही. विंड टनेलमध्ये (हवेच्या झोतात) चाचणीचे तास नियमाने मोजून मिळतात, म्हणून विकास वेगवान ड्रायव्हरच्या दिशेने जातो. दर महिन्याला दरी थोडी वाढते. या गोष्टीविरुद्ध तक्रार कुठे करायची? कुणी कुणाचं काही काढून घेतलेलंच नसतं.

उलट उदाहरणही आहे. २०२५मध्ये कॅनडापासून नॉरिसने पुढच्या सस्पेन्शनची बदललेली भूमिती घेतली, कारण पुढच्या टायरची जाणीव हाताला पोचत नाही अशी त्याची तक्रार होती. पियास्त्रीने जुनीच ठेवली. दोन्ही पर्याय दोघांसमोर होते. दोघांना एकच भाग देण्यापेक्षा हे मला जास्त न्याय्य वाटतं.

पिटवॉल

सस्पेन्शनचं उदाहरण माझ्याच बाजूचं आहे, आभार.

रेड बुलबद्दल मात्र थोडी गल्लत होते आहे. त्सुनोडाकडे हंगामात बराच काळ जुन्या घडणीचे भाग होते. इमोलाच्या क्वालिफायिंगमधल्या जबर अपघातानंतर तर आणखीच. बेल्जियममधल्या स्पाला त्याला नवा फ्लोअर मिळाला आणि त्याच दिवशी तो क्वालिफायिंगमध्ये सातवा आला. म्हणजे सगळं ड्रायव्हिंग शैलीच्या माथी मारता येत नाही. जे मोजून देता येतं ते आधी सारखं द्या, मग शैलीचं बोलू.

ग्रिडस्लॉट८

माझं मत तिसरंच आहे. समानतेचा आव आणू नये. पहिला कोण, दुसरा कोण, हे करारात लिहा आणि जाहीर करा. फेरारीत शूमाकरच्या काळात कुणाच्या मनात शंका नव्हती. ऑस्ट्रिया २००२ला बॅरिकेलोने अगदी शेवटच्या रेषेजवळ शूमाकरला जागा सोडली तेव्हा स्टँडमधून हुर्यो उडाली, आणि २००३पासून टीमच्या आदेशांवर बंदी आली. उपयोग शून्य. हॉकेनहाइम २०१०ला टीममेट फर्नांडो अलोन्सोच्या पुढे असलेल्या मासाला 'फर्नांडो तुझ्यापेक्षा वेगवान आहे' एवढंच सांगितलं, त्याला कळायचं ते कळलं. फेरारीला एक लाख डॉलर दंड झाला आणि २०११पासून बंदीच उठली.

पुढे ऑस्टिन २०१२ला तर फेरारीने मासाच्या गिअरबॉक्सचं सील मुद्दाम तोडलं. त्याला ग्रिडवर पाच जागांची शिक्षा झाली आणि मागचा अलोन्सो आठव्यावरून सातव्या जागेवर, म्हणजे ट्रॅकच्या स्वच्छ, पकड असलेल्या बाजूला सरकला. कठोर होतं, पण फेरारीने लपवलं नाही. मला ते पटतं.

टॉर्कमीटर

मासाला पटलं असेल का, हा प्रश्न उरतोच. जाहीर केल्याने अन्याय उघड होतो, कमी होत नाही.

कर्ब_रायडर

अगदी काटेकोर पाळी लावल्यावर काय होतं, त्याचं उत्तर २००७च्या हंगेरीत आहे. तेव्हा शेवटच्या क्वालिफायिंगला शर्यतीचं इंधन भरूनच उतरायचे आणि फिरलेल्या प्रत्येक लॅपमागे ठरावीक इंधन परत मिळायचं. मॅक्लारेनने एक जादा लॅप अलोन्सो आणि हॅमिल्टन यांच्यात आलटूनपालटून वाटला होता. त्या शनिवारी पाळी अलोन्सोची. हॅमिल्टन आधी बाहेर पडला होता, त्याने अलोन्सोला पुढे सोडायचं होतं, त्याने सोडलं नाही. मग अलोन्सो पिट बॉक्समध्ये थांबून राहिला, मागे अडकलेल्या हॅमिल्टनला शेवटचा लॅप मिळाला नाही. अलोन्सोला पाच जागांची शिक्षा, टीमला त्या शर्यतीचे कन्स्ट्रक्टर्स (टीमच्या विजेतेपदाचे) गुण नाहीत. हंगामाअखेर रायकोनेन ११०, हॅमिल्टन १०९, अलोन्सो १०९.

पाळी बरोबर होती. ती पाळली जाईल यावर दोघांचाही विश्वास नव्हता. मर्सिडीजने २०१६च्या हंगामाआधी दोन्ही गाड्यांचे काही मेकॅनिक आपसांत बदलले, गॅरेजचे दोन तट पडू नयेत म्हणून. तरीही मलेशियात आघाडीवर असताना हॅमिल्टनचं इंजिन गेलं आणि रोसबर्ग ३८५-३८०ने विजेता झाला, तेव्हा चाहत्यांचा संशय थांबला नाहीच.

लेटब्रेकर

कर्ब_रायडर यांच्या उदाहरणावरून थेट कतार २०२५ला येतो, कारण समानतेची किंमत तिथे मोजता येते.

शर्यत ५७ लॅपची. टायरच्या एका संचावर जास्तीत जास्त २५ लॅप, अशी त्या आठवड्यापुरती सक्ती. सातव्या लॅपला सेफ्टी कार आली. उरले ५०, म्हणजे बरोबर २५ अधिक २५. त्या क्षणी आत येणाऱ्याचा एक स्टॉप स्वस्तात उरकत होता. व्हर्स्टॅपनसह जवळजवळ सगळे आत गेले. पहिला पियास्त्री आणि तिसरा नॉरिस बाहेरच राहिले. दोघांनाही पुढे दोन स्टॉप पूर्ण वेगाच्या शर्यतीत घ्यावे लागले. व्हर्स्टॅपन जिंकला, पियास्त्री दुसरा, नॉरिस चौथा.

सगळेच आत येतील असं वाटलं नव्हतं, असं टीमप्रमुख स्टेला यांनी नंतर सांगितलं. दोघांना एकदम बोलावलं तर मागच्याचा वेळ जाणार, हाही विचार होता. मग एकाला तरी आत घ्यायचं होतं! पियास्त्री आघाडीवर होता, पिटवॉल यांच्याच नियमाने पहिली निवड त्याची. दोघांना एकच डाव दिल्याने पियास्त्रीच्या हातची शर्यत गेली.

पिटवॉल

कतारचा निर्णय चुकीचा होता हे मान्य. पण तो समानतेमुळे चुकला हे मान्य नाही. पुढच्याला पहिली निवड हा नियम लावला असता तर पियास्त्री आत गेला असता आणि नॉरिसला बाहेर राहायचं की मागे ताटकळायचं हे स्वतः ठरवता आलं असतं. नियम मोडल्याने नुकसान झालं.

टॉर्कमीटर

मग ते नियम शर्यतीआधी जाहीर का करत नाहीत? पिटचा क्रम, नव्या भागांचं वाटप, जागा कधी परत करायची, सगळं गुरुवारीच कागदावर यावं.

अंडरस्टिअर

भागांचं वाटप जरूर जाहीर व्हावं. तसेही शुक्रवारी कुठल्या गाडीवर काय आहे ते छायाचित्रकार टिपतातच. पिटचा क्रम जाहीर केला तर मात्र दोन्ही ड्रायव्हरचं नुकसान होईल. मॅक्लारेन मागच्या गाडीला आधी बोलावणार नाही हे छापून आलं, की रेड बुल आपली गाडी त्या मागच्या मॅक्लारेनच्या मागे ठेवून पहिली अंडरकट मारेल, आणि तिला उत्तर देता येणार नाही. कागद दोन्ही ड्रायव्हरच्या आणि त्यांच्या इंजिनिअरच्या हातात असावा, दोघांच्या सह्यांनिशी, आणि शर्यत संपल्यावर छापावा.