जावाएफएक्स ॲप : बिल्डमधल्या क्लासपाथच्या वॉर्निंग घालवू की सोडून देऊ?

उद्यमनगर_कोडर
मंडळी, हुपरीच्या एका चांदीवाल्यांसाठी डेस्कटॉप ॲप करतोय. जावा १७, जावाएफएक्स (विंडो-बटणांची लायब्ररी), मेव्हन (बिल्ड करणारं टूल). काट्यावरनं वजन सिरियल पोर्टनं येतं आणि ॲप लेबल छापतं, एवढंच काम. दुकानातल्या मशीनवर जावा नाही आणि कोण टाकून घेणार पण नाही, म्हणून जेलिंकनं (लागतील तेवढेच मॉड्युल घेणारं जावाचं टूल) छोटा रनटाइम, म्हणजे ॲप चालवण्यापुरता जावा, सोबत द्यायचा आणि त्यासाठी मॉड्युल-इन्फो (ॲपला कोणते मॉड्युल लागतात ते सांगणारी फाइल) घातलंय.
आता बिल्ड होतं पण मेव्हन ओरडतं ‘रिक्वायर्ड फाइलनेम-बेस्ड ऑटोमॉड्युल्स डिटेक्टेड’, पुढं काट्यावाल्यांनी दिलेल्या जारचं (जावा कोडची बांधलेली फाइल) नाव. आयडीईतनं (कोड लिहायच्या एडिटरमधनं) रन केलं की वेगळंच, ‘अनसपोर्टेड जावाएफएक्स कॉन्फिगरेशन’, क्लास अननेम्ड मॉड्युलमधनं, म्हणजे क्लासपाथवरनं (जार शोधायची जावाची जुनी साधी यादी) लोड झाले म्हणतंय. विंडो उघडते, वजन येतं, सगळं चालतं. पण जेलिंक मारलं की ‘ऑटोमॅटिक मॉड्युल कॅनॉट बी यूज्ड विथ जेलिंक’ आणि खेळ खल्लास. आधी वॉर्निंग घालवू का?

रंकाळा_रिटर्न्स
चालतंय नव्हं? मग सोड की भावा. सगळं एका जारमध्ये कोंब, जावाचं फोल्डर शेजारी ठेव, एक बॅच फाइल लिहून दे. गिऱ्हाईक काय कन्सोल बघत बसतंय होय.

पंचगंगा_काठ
तिन्ही गोष्टी वेगळ्या आहेत, एकात कालवू नका.
मेव्हनची वॉर्निंग आहे नावाची. जारमध्ये मॉड्युल-इन्फो नसेल आणि मॅनिफेस्टमध्ये (जारच्या आतली माहितीची फाइल) ऑटोमॅटिक-मॉड्युल-नेम पण नसेल तर जावा फाइलच्या नावावरनं मॉड्युलचं नाव काढतं, ‘काटा-ड्रायव्हर-२.१.जार’ चं होतं ‘काटा.ड्रायव्हर’. उद्या त्यांनी फाइलचं नाव बदललं की तुझ्या मॉड्युल-इन्फोतली रिक्वायर्सची ओळ मेली. लायब्ररी जगाला वाटणाऱ्यांसाठी ते धोक्याचं, तुझं ॲप एका दुकानात जाणार, त्यामुळं सोडून दे. मॅनिफेस्टमध्ये नाव घालून वॉर्निंग जाईल सुद्धा, पण जेलिंकचा एरर जागचा हलणार नाही. कारण ऑटोमॅटिक मॉड्युल नेमकं कशावर अवलंबून आहे हे कुठं लिहिलेलंच नसतं, ते क्लासपाथसकट सगळं वाचू शकतं, मग जेलिंकनं रनटाइममध्ये काय घ्यायचं आणि काय टाकायचं कशावरनं ठरवायचं?
दुसरी वॉर्निंग म्हणजे आयडीईनं जावाएफएक्स क्लासपाथवर टाकलंय. ते हिरवं बटण सोड, मेव्हनच्या जावाएफएक्स प्लगइननं रन कर, गप्प होईल.

उद्यमनगर_कोडर
बरं, मग त्या जारला जेडेप्सनं (जार कशावर अवलंबून आहे ते शोधणारं टूल) मॉड्युल-इन्फो बनवून आत घालू का? मॉडिटेक्ट प्लगइन पण तेच करतं असं वाचलं.

पंचगंगा_काठ
होतं की. पण त्यांनी नवीन जार दिला की परत तेच, आणि दुसऱ्याच्या जारमध्ये हात घालायचा म्हणजे डोक्याला ताप. मी तर म्हणतो तुझंच मॉड्युल-इन्फो काढून टाक. छोटा रनटाइम पाहिजे म्हणून ॲप मॉड्युलर असायलाच पाहिजे असं कुठाय? रनटाइममध्ये फक्त जावाचे आणि जावाएफएक्सचे मॉड्युल घे, तुझा जार आणि काट्याचा जार क्लासपाथवर राहू दे.
जेपॅकेजला (ॲप आणि रनटाइमचं एकत्र पॅकेज करणारं टूल) मॉड्युल-पाथ म्हणून जावाएफएक्सच्या जेमॉड्सचं (रनटाइममध्ये घालायच्या मॉड्युलच्या फाइल) फोल्डर दे (ग्लुऑनच्या साइटवर मिळतात, व्हर्जन जुळवून घे), ॲड-मॉड्युल्समध्ये कंट्रोल्स, एफएक्सएमएल (स्क्रीनची मांडणी फाइलमध्ये लिहीत असशील तर), आणि डेटाबेस असेल तर जावा डॉट एसक्यूएल. इनपुट फोल्डरमध्ये बाकीचे जार, तिथं जावाएफएक्सचे जार ठेवू नको. जावाएफएक्स रनटाइममध्येच मॉड्युल म्हणून बसलं की ती अननेम्डची वॉर्निंग येत नाही आणि एफएक्सएमएलसाठी मॉड्युल-इन्फोतल्या ओपन्सच्या ओळी पण लागत नाहीत.
एक मात्र बघ. जेडेप्सची यादी आंधळेपणानं घेऊ नको. ॲप एचटीटीपीएसनं कुठं बोलत असेल तर जावा १७ मध्ये जेडीके डॉट क्रिप्टो डॉट ईसी (एन्क्रिप्शनचं मॉड्युल) हातानं घालावं लागतं, ते जेडेप्सला दिसत नाही. नाहीतर तुझ्या मशीनवर चालतं आणि दुकानात हँडशेकला (सर्व्हरशी सुरक्षित जोडणी करतानाच) मरतं, मग बस हुपरीच्या फेऱ्या मारत.

रंकाळा_रिटर्न्स
म्हंजे शेवटी क्लासपाथच की 😄

उद्यमनगर_कोडर
झालं लगा! मॉड्युल-इन्फो उडवलं, फोल्डर तयार झालं, जावा नसलेल्या लॅपटॉपवर काटा जोडून बघितला, वजन आलं. फक्त सेटअपची इएक्सई मागितली की जेपॅकेज विक्स (विंडोजचे इन्स्टॉलर बनवणारं टूल) मागतंय.

पंचगंगा_काठ
विंडोजवर इएक्सई आणि एमएसआयला विक्स लागतंच, टाकून घे. नको असेल तर टाइप ॲप-इमेज ठेव आणि फोल्डर झिप करून दे, एका मशीनला तेवढं बास. आणि बिल्ड विंडोजवरच कर, लिनक्सवरनं विंडोजचं पॅकेज निघत नाही.