मदत हवी आहे : थंड सभागृहात रेकॉर्डर (बासरीसारखी फुंकून वाजवायची वाद्ये) सुरात कसे ठेवावेत?

इंग्लंडमधील आमच्या गावात आम्ही नऊ जण डेस्कँट, ट्रेबल, टेनर आणि बास असे लहानापासून मोठ्यापर्यंत चार आकारांचे लाकडी रेकॉर्डर एकत्र वाजवतो आणि डिसेंबरमध्ये चर्चच्या छोट्या सभागृहात शेजाऱ्यांसाठी आमचा पाऊण तासाचा कार्यक्रम आहे. थंडीमुळे वाद्ये आरंभी ४४० हर्ट्झ या प्रमाण सुराच्या खाली उतरलेली असतात आणि श्वासाच्या उबेने हळूहळू चढतात. मात्र चिमुकला डेस्कँट लवकर तापतो, बास मागेच राहतो, त्यामुळे पहिल्या दोन रचना बेसूर होतात. वाद्य काखेत धरून ऊब देणे आम्ही करतोच. शिवाय फुंकेच्या अरुंद वाटेत दव साचून ट्रेबलचा आवाज घोगरा होतो. बासचा आवाज मुळातच मृदू, आणि जोराने फुंकल्यास सूर चढतो. म्हणून बासवादकांना पुढे बसवावे का? अनुभवी वादकांनी कृपया मार्गदर्शन करावे.