विषय: नागपूरच्या घरी टिंग पाठवावं का?

नमस्कार मंडळी,

परवा व्हिडिओ कॉलवर आईने हॉलमधला बोर्ड दाखवला. "बघ ना, कूलरचा सॉकेट कसा काळा पडून राहिला." खालच्या भोकाभोवती तपकिरी कडं होतं, प्लगची एक बाजू वितळून वाकली होती. इस्त्रीही त्याच सॉकेटवर लागते. धरमपेठेतलं जुनं घर, वायरिंग घर बांधलं तेव्हाचंच, आणि राहतात दोघंच. बाबा म्हणाले, "एमसीबी पडते का? नाही ना. मग काय घाबरून राहिली तू?"

माझ्याकडे इथे टिंग आहे, विमा कंपनीकडून फुकट मिळालेलं. सॉकेटमध्ये लावून ठेवायचं. घरातल्या तारांमध्ये कुठे बारीक ठिणग्या पडायला लागल्या की फोनवर कळवतं. होळीआधी कुणी नागपूरला जाणार असेल तर एक पाठवू का?

– धरमपेठची, सध्या डॅलस

---

अगं, पाठवू नकोस. ते अमेरिकेतल्या १२० व्होल्ट, ६० हर्ट्झच्या घरांसाठी आहे; नागपूरला २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ. मध्ये कन्व्हर्टर घातलास तर ज्या बारीक खुणा ते टिपतं, त्या त्याच्यापर्यंत धड पोचणार नाहीत.

बाबांना मात्र एक नक्की सांग. एमसीबी पडते ती करंट वाढला की. स्क्रू ढिला असला तर करंट वाढत नाही, फक्त त्या सांध्यावर तार तापते. तापली की तांब्यावर काळा थर धरतो, थरामुळे आणखी तापते. एमसीबीला यातलं काही कळत नाही. ३० मिलिअँपिअरच्या आरसीसीबीलाही नाही. ती करंटची गळती पकडते, म्हणजे तारेबाहेर अंगातून किंवा जमिनीत जाणारा करंट. पण घरात पत्र्याचा कूलर आहे, पाण्याशी खेळ आहे, तेव्हा शॉकसाठी ती हवीच. नसेल तर याच वेळी बसवून घ्या.

ठिणगी ओळखणारा ब्रेकरही असतो. इथे १९९९ च्या वीज नियमावलीत तो बेडरूमसाठी आला, तिकडे त्याला एएफडीडी म्हणतात. ते नंतर बघू. आधी लायसनवाला वायरमन बोलाव, आजच. तोवर त्या सॉकेटला कुणी हात लावायचा नाही. मेन बंद करून प्रत्येक बोर्ड उघडायला लाव, सगळे स्क्रू आवळून घे. सॉकेट नवा हवा, आणि काळी तार घासून परत लावायची नाही. चकचकीत तांबं लागेपर्यंत कापायची. इस्त्रीला १६ अँपिअरचा पॉइंट वेगळा. कूलर बाहेर निघायच्या आत हे व्हायला पाहिजे, एकदा सुरू झाला की दोन महिने रात्रंदिवस चालतो.

– महालातला काका, न्यू जर्सी

---

काका, काल वायरमन येऊन गेला. फेजचा स्क्रू बोटाने फिरत होता. इंचभर तार काळी, वरचं प्लास्टिक कडक होऊन पापडासारखं तुटलं. आईच्या खोलीतल्या बोर्डातही तसाच एक सांधा निघाला, आणि तिथे तर बाहेरून काहीच दिसत नव्हतं.

आरसीसीबी बसली. कापलेला तुकडा बाबांनी कागदात गुंडाळून ठेवलाय, शेजारच्यांना दाखवून राहिले.