मनही जडच, जाणणारा तेवढा ईश्वर : माझी मांडणी

आडवाट
देव, मन आणि जग यांच्याबद्दल बरीच वर्षं डोक्यात घोळत असलेलं आज एकदा नीट मांडतो. पटलं नाही तर कुठे अडलं ते सांगा, नुसतं 'असहमत' नको.

माझं म्हणणं असं की आपण रेघच चुकीच्या जागी मारतो. इकडे शरीर आणि दगडधोंडे, तिकडे मन आणि आत्मा. एकदा ही वाटणी केली की दोघांचा एकमेकांशी संबंध कसा येतो हे कोडं सुटत नाही. १६४३ साली बोहेमियाची राजकन्या एलिझाबेथ हिने फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्तला पत्रातून हेच विचारलं होतं. आत्म्याला आकार नाही, तो कशाला टेकत नाही, मग तो शरीर हलवतो कसा? देकार्तने उत्तरं लिहिली. तिचं समाधान झालं नाही, आणि त्या वाटणीत ते होणं शक्यच नव्हतं.

सांख्य या जुन्या भारतीय दर्शनाची रेघ वेगळ्या ठिकाणी आहे. बुद्धी, अहंकार, मन हे सगळं प्रकृतीचं, म्हणजे स्वतःची जाणीव नसलेल्या जडाचं. पुरुष म्हणजे जाणणारा, तो फक्त जाणतो, करत काहीच नाही. हे मला मनापासून पटतं. राग येताना बघा. कानशिलं तापतात, जबडा आवळला जातो, जुनी दोन भांडणं आपोआप वर येतात, आणि मग 'मला असं बोलला' हा विचार येतो. यातलं एकही मी ठरवून केलेलं नसतं. ते घडतं आणि ते कळतं. घडणारं सगळं जड, विचारसुद्धा.

पण सांख्यांशी माझं दोन ठिकाणी जमत नाही. ते पुरुष अनेक मानतात. तुमचा जाणणारा आणि माझा जाणणारा वेगळे दाखवायचे तर नाव, आठवणी, स्वभाव, देह हेच दाखवावं लागणार, आणि ते तर आपण आधीच जडात टाकलं. मग वेगळेपणाची खूण उरली कुठे? म्हणून जाणणारा एकच. आणि त्या एकालाच मी ईश्वर म्हणतो. त्याने जग घडवलेलं नाही, तो नवसाला पावत नाही, हिशेब ठेवत नाही. पण मुंगीला चटका बसतो तेव्हा तो चटका कळतो तो त्यालाच. या एका गोष्टीने माझं जगणं बदललं आहे, म्हणून हा खटाटोप.

काटकोन
एक सरळ प्रश्न. जाणणारा काहीच करत नाही, बरोबर? मन जड, मेंदू जड, टाइप करणारी बोटं जड. म्हणजे वरचा सगळा मजकूर जडानेच लिहिला. मग जाणणारा आहे ही खबर त्या जडाला लागली कशी? त्याने मनाला किंचितसाही धक्का दिला नसेल तर तुमचं मन त्याच्याबद्दल जे बोलतं ते तो नसतानाही शब्दशः तसंच बोललं असतं. आणि दिला असेल तर एलिझाबेथचा प्रश्न जिथल्या तिथे परत आला.

दुसरं, जाणणारा एकच असेल तर माझी दाढ ठणकते ती तुम्हाला का कळत नाही?

जागल्या
मी भूलतज्ज्ञ आहे, त्यामुळे हा विषय माझ्या रोजच्या कामातला. प्रोपोफॉल हे पांढरं औषध शिरेतून जाताना चुरचुरतं, पेशंट तसं सांगतात. तेव्हा मी त्यांना बोलतं ठेवते, गाव कुठलं, मुलं काय करतात. थोड्याच वेळात वाक्य मध्येच तुटतं. पापणीच्या केसांना बोट लावलं तरी पापणी हलत नाही. तीन तासांचं ऑपरेशन झाल्यावर डोळे उघडतात आणि कित्येकजण विचारतात, "कधी सुरू करणार?"

रात्रीच्या झोपेतून उठलेल्याला निदान वेळ गेल्याचा अंदाज असतो. यांच्यासाठी मधला वेळच नसतो. काही मिलिलिटर औषधाने जे जातं आणि औषध उतरलं की येतं, ते जडापलीकडचं आहे असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही. 'मन थांबलं, साक्षी होताच' असं तुम्ही म्हणणार, पण त्या तीन तासांत तो होता हे कशावरून?

आडवाट
काटकोन, दाढेचं आधी. ठणका कळतो तो त्या एकालाच, पण 'ही माझी दाढ' हा हिशेब मन ठेवतं आणि मनं दोन आहेत. माझ्या मनात तुमच्या दाढेची नोंद पोचत नाही, इतकंच. पहिला प्रश्न अवघड आहे. माझं उत्तर असं की भौतिकशास्त्र जड काय करतं ते सांगतं, ते मुळात आहे काय ते सांगत नाही. विद्युतभार कुणाला खेचतो, कुणाला ढकलतो हे समीकरणात येतं, त्यापलीकडे समीकरण गप्प असतं. जडाची ही न सांगितलेली बाजू जाणणाऱ्याला आधीपासून उघडी असेल, तर त्याने वेगळा धक्का देण्याची गरज नाही.

जागल्या, तुम्ही ज्याचं वर्णन केलंत ते आठवण नसणं आहे. आठवण मनाची, आणि मन तुम्ही औषधाने बंद केलंत. आठवत नाही म्हणजे जाणवलंच नाही, असं कसं म्हणणार?

चंद्रभागा
आडवाट, 'न सांगितलेली बाजू' म्हणालात तिथेच तुमचं द्वैत सुटलं. आता माउलींच्या अंगणात या. अमृतानुभवातलं सातवं प्रकरण अज्ञानखंडनाचं आहे आणि ते सगळ्यांत मोठं आहे. एक ब्रह्म आणि त्याला झाकणारं दुसरं काहीतरी, ही मांडणी माउलींनी तिथे ओवीमागून ओवी खोडून काढली. जग हे चैतन्याचंच दिसणं आहे, त्याला लपवणारं नाही. एकच डोंगर कोरून देव, देऊळ आणि परिवार घडतो, तसा भक्तीचा व्यवहार का होऊ नये, असं ते नवव्यात विचारतात. वेरूळचं कैलास लेणं पाहिलेल्या माणसाला हे वेगळं समजावावं लागत नाही.

आणि एक मनातलं बोलते. तुमचा ईश्वर नुसता बघतो. माझी आजी विठ्ठलाशी भांडायची, अबोला धरायची. तुमच्याशी अबोला धरता येईल असा देव तुमच्या मांडणीत कुठे आहे?

निळाई
मला मूळ पायरीच मान्य नाही. मज्झिमनिकाय या पाली बौद्ध ग्रंथात साती नावाच्या भिक्खूची गोष्ट आहे. हेच एक विज्ञान, म्हणजे जाणीव, एका जन्मातून दुसऱ्यात जातं, तेच बोलतं, तेच भोगतं, असं तो म्हणत असे. बुद्धांनी त्याला सगळ्यांसमोर फटकारलं. डोळा आणि रूप यांमुळे जे उपजतं ते चक्षुविज्ञान, कान आणि शब्द यांमुळे उपजतं ते श्रोत्रविज्ञान. कारण असेल तर उपजतं, कारण सरलं की निरुद्ध होतं. जागल्या ऑपरेशन थिएटरमध्ये पाहतात ते अगदी हेच. 'खुणा काढून टाकल्यावर उरतं ते एकच' असं आडवाट म्हणतात. मी म्हणते, खुणा काढल्यावर काहीच उरत नाही. 'एक' ही सुद्धा खूणच आहे.

आडवाट
चंद्रभागा, तुमच्या आजीबद्दल आदर आहे आणि माउलींबद्दल काय बोलावं. तरीही मी तिथे येत नाही. बहिणीच्या शेवटच्या महिन्यांत मी कॅन्सर वॉर्डात बसलोय. सगळंच चैतन्य असेल तर ती गाठही त्याचंच दिसणं, आणि ते मी म्हणू शकत नाही. माझा ईश्वर ती गाठ नाही. तिच्या वेदनेत तिच्यासोबत असलेला तो आहे. त्याला रोखता आलं नाही हे मला परवडतं, ती गाठ तोच झाला होता हे परवडत नाही. म्हणून जड वेगळं ठेवतो.

निळाई, काहीच उरत नाही हे पाहणार कोण?

निळाई
बहिणीचं वाचून वाईट वाटलं. प्रश्नाचं उत्तर मात्र देते. 'कोण पाहतं' असं विचारलं की कुणीतरी आहे हे विचारतानाच गृहीत धरलं जातं. पाहणं घडतं, एवढंच म्हणता येतं. आणि तिच्याजवळ बसायला तुम्ही आणि ती एकच असायची गरज नव्हती. ती दुसरी होती आणि तिला दुखत होतं, म्हणून तुम्ही बसलात. दोघांत जाणणारा एकच मानला तर करुणा उरलीच कुठे, ती स्वतःचीच काळजी झाली.

जागल्या
आठवणीच्या मुद्द्यावर परत येते, कारण आडवाट यांनी पकडलेली जागा आमच्या शास्त्रातही खरी आहे. १९७७ साली टन्स्टॉल यांनी एक पद्धत मांडली. स्नायू शिथिल करणारं औषध देण्याआधी पेशंटच्या एका हाताला बीपीचा पट्टा बांधून फुगवायचा. औषध त्या हातात उतरत नाही, म्हणून तेवढा हात हलू शकतो. मग ऑपरेशन चालू असताना कानाशी सांगायचं, "ऐकू येत असेल तर हात दाबा." काही पेशंट दाबतात. उठल्यावर त्यातल्या बहुतेकांना काहीही आठवत नाही. म्हणजे आठवण नसणं वेगळं आणि जाणीव नसणं वेगळं, हे कबूल.

पण हात दाबणाऱ्याच्या मेंदूत आवाज पोचत होता, शब्द समजत होते, हुकूम पाळला जात होता. भूल पुरेशी गडद केली की तोही हात दाबणं थांबतो. त्यानंतरही कुणी जाणत असेल, तर तो बहिणीची वेदना जाणणारा कसा? जाणायला तिथे वेदनाच उरलेली नसते.

आडवाट
तिथे वेदना उरलेली नसते हे मलाही मान्य आहे, आणि शेवटच्या आठवड्यात मॉर्फिन वाढवा असं डॉक्टरांना मीच सांगत होतो. जाणायला काही नसलं की जाणणारा रिकामा राहतो, मावळत नाही, असं मी मानतो. काटकोन, त्या रिकाम्या जाणणाऱ्याची खबर मनाला कशी लागते यावर तुमचा आक्षेप अजून उभा आहे. मी दिलेलं उत्तर कुठे तुटतं ते सविस्तर लिहा.