वरच्या मजल्यावरच्या काकूंच्या देव्हाऱ्यातला आरसा: हे गुरू कोण?

सौदागरकर

नमस्कार मंडळी. पिंपळे सौदागरला राहते. आमच्या वरच्या मजल्यावर एक मल्याळी काका-काकू आहेत. ओणमला त्यांच्याकडे केळीच्या पानावर यथेच्छ जेवून आलो, त्यावर वेगळा धागा काढीन. प्रश्न तो नाही.

ओणमनंतर दोनच दिवसांनी काकू पुन्हा स्टीलचा डबा घेऊन दारात उभ्या. आत पायसम. म्हटलं, काकू, आता काय? तर म्हणाल्या, "आज गुरूची जयंती. मोठा दिवस." कोणते गुरू, असं विचारल्यावर हाताला धरून वरच घेऊन गेल्या.

देव्हाऱ्यात एका वृद्ध गृहस्थांचा फोटो. डोक्यावर केस जवळजवळ नाहीतच, अंगावर साधं वस्त्र, चेहरा अगदी शांत. आणि मधोमध, जिथे आपण मूर्ती ठेवतो तिथे, लाकडी चौकटीतला हातभर उंच आरसा! आरशाच्या पाठीमागचा पारा खरवडून एक मल्याळी अक्षर काढलंय. काकू म्हणाल्या, ॐ. मागे दिवा ठेवला की ते अक्षर पेटल्यासारखं दिसतं. मी सवयीने हात जोडून वाकले, तर समोर मीच. कपाळाला कणीक लागलेली.

काकूंचं मराठी भाजी मंडईपुरतं, माझं मल्याळम शून्य. हे गुरू कोण आणि आरसा कशासाठी, कुणी सांगेल का? शिवाय डबा अजून माझ्याकडेच आहे. रिकामा कसा परत करू? त्यात काय घालून देऊ तेही सुचवा.

ताम्हनकाठ

अगं, हे विषुक्कणी. मल्याळी लोकांचं नववर्ष. पहाटे उठून डोळे मिटून देवापाशी जायचं आणि पहिलं दर्शन आरशाचं घ्यायचं. माझ्या ऑफिसातली मैत्रीण करते. डब्यात साखर घाल, सरळ काम.

दारूगोळा

विषुक्कणी नव्हे हो. विषू एप्रिलात. त्यात आरसा असतो हे खरं, पण बहाव्याची फुलं, काकडी, तांदूळ, नाणी यांच्या सोबतीला आणि एका सकाळपुरता. सौदागरकर ताईंनी पाहिलेला आरसा बारमाही आहे आणि त्यावर अक्षर आहे. ते श्री नारायण गुरू. त्यांचं जन्मनक्षत्र 'चतयम', म्हणजे आपली शततारका. ओणम श्रवण नक्षत्रावर, मग धनिष्ठा, मग शततारका. म्हणून दोन दिवसांनी पायसम आलं.

मला हे कसं ठाऊक? खडकीच्या फॅक्टरीत चौतीस वर्षं काढली (आयडीवरून ओळखलंच असेल). माझ्या सेक्शनला वर्कलाचा एक फिटर होता. त्याच्या लॉकरच्या दाराला आतून हाच फोटो. बाकीच्यांच्या दारांवर काय काय असायचं ते इथे लिहीत नाही. एका डिसेंबरात तो मला ओढतच गावी घेऊन गेला. त्या वेळची जयंती जनता एक्सप्रेस, दोन रात्री बूड दुखेस्तोवर बसून. वर्कलाजवळ टेकडीवर शिवगिरी, तिथे गुरूंची समाधी. ३० डिसेंबर ते १ जानेवारी यात्रा असते आणि येणारे सगळे पिवळ्या कपड्यांत. पण पिवळं कापड विकत आणायचं नाही. घरातलं पांढरं धोतर हळदीच्या पाण्यात बुचकळायचं, खर्च नको, हे गुरूंचंच सांगणं. फिटरच्या आईने माझी लुंगी बादलीत बुडवली. तो रंग माझ्या बनियनला असा लागला की पुण्यात आल्यावर बायकोने विचारलं, "दुसऱ्यांदा हळद लागली की काय?"

तिथे मांडवात टाळ-मृदंग असतील या समजुतीने मी बसलो, तर एक गृहस्थ शेतीवर बोलत होते. खत, रोपांची लागवड वगैरे. त्यांच्यानंतरचे स्वच्छतेवर. फिटर कानात भाषांतर करत होता. या यात्रेला आठ विषय ठरवून दिलेत : शिक्षण, स्वच्छता, ईश्वरभक्ती, संघटना, शेती, व्यापार, हस्तोद्योग आणि तांत्रिक शिक्षण. भक्ती आठातली एक. मी आयुष्यभर लेथ मशीनवर काम केलेला माणूस. तीर्थक्षेत्री तांत्रिक शिक्षणाचं नाव ऐकून पहिल्यांदा सावरून बसलो.

आता माणसाबद्दल. जन्म १८५६, तिरुअनंतपुरमजवळच्या चेंपळन्तीचा. घरचं नाव नाणू. वडील गावातले शिक्षक, मामा वैद्य. जात ईळव. माडाची ताडी काढणं हा या जातीचा एक मोठा धंदा, तरी त्यांच्यातल्या काही घरांत संस्कृत आणि वैद्यकी पिढ्यान्‌पिढ्या होती. नाणूने संस्कृत पक्कं केलं, मुलांना शिकवलं, म्हणून 'नाणू आशान'. आशान म्हणजे गुरुजी. लग्न झालं पण संसारात रमले नाहीत. तैक्काट अय्यावु नावाच्या योग्याकडे योग शिकले, चट्टंबी स्वामी बरोबरीला. मग कन्याकुमारीकडच्या मरुत्वामला डोंगरावर गुहेत तप. इथवरची गोष्ट कुठल्याही साधूची असते. पुढची नाही, कारण हे खाली उतरले.

त्रावणकोरात तेव्हा नुसतं देवळात जाणं नाही, देवळाच्या आसपासच्या रस्त्यावरूनही खालच्या ठरवलेल्या जातींनी चालायचं नाही. ईळव त्यातलेच. १८८८ च्या महाशिवरात्रीला अरुविप्पुरम गावी नारायण गुरूंनी रात्री नेय्यार नदीत बुडी मारली, पात्रातला एक धोंडा वर आणला आणि शिव म्हणून त्याची प्रतिष्ठा केली. ब्राह्मणाखेरीज कुणी मूर्ती बसवायची नाही अशा काळात! जाब विचारायला मंडळी आली. गुरू म्हणाले, मी बसवलाय तो ईळवांचा शिव. मारामारी नाही, शिवीगाळ नाही. फिटर हे सांगताना दर वेळी चहाचा ग्लास खाली ठेवायचा आणि मग हसायचा.

तिथे लावलेली ओळ त्याने मला पाठ करून घेतली होती : "जातिभेदं मतद्वेषं एतुमिल्लाते सर्वरुं सोदरत्वेन वाळुन्न मातृकास्थानमाणितु." एक-दोन शब्द सोडले तर मराठी माणसाला कळतंच की. 'मत' म्हणजे त्यांच्याकडे धर्म. जातिभेद, धर्मद्वेष काही नसता सगळे भावंडांसारखे राहतात अशी ही आदर्श जागा.

आता तुमचा आरसा. गुरूंनी पुढेही बरीच देवळं उभी केली. पण गाभाऱ्यात काय ठेवलं ते बघा. एके ठिकाणी दगडाऐवजी नुसता दिवा. एके ठिकाणी सत्य, धर्म, दया, शांती हे शब्द कोरलेली शिळा. आणि १९२७ साली चेर्तलाजवळ कळवंकोडमला पारा खरवडून ॐ काढलेला आरसा. काकूंचा आरसा त्याचाच घरगुती अवतार. मधल्या काळात त्यांनी सांगून टाकलं होतं की यापुढे मुख्य देऊळ म्हणजे शाळा. माझ्या डोक्यात ते असं बसलंय : नदीतल्या धोंड्यापासून निघाले आणि देव हळूहळू पातळ करत नेला, शेवटी काचेवर आणून सोडला.

डब्यात साखर नको. आमच्या हिने फिटरकडे एकदा साखर पाठवली होती, तर त्याच्या बायकोला वाटलं आमचा चहा-साखरेचा उधारीचा व्यवहार चालू आहे.

पेठेतला

म्हणजे तिकडचे जोतिबा म्हणा की. मग आमचे आधीचे. सत्यशोधक समाज १८७३ चा.

दारूगोळा

पेठेतले, तुमच्याकडे सगळ्याचा पहिला नंबर असतोच. सत्यशोधक १८७३, गुरूंची 'श्री नारायण धर्म परिपालन योगम' ही संस्था १९०३ ची, तारखा बरोबर आहेत. पण जोतिबांनी घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला १८६८ ला, आणि पर्वतीच्या देवळासाठी शिवराम जानबा कांबळ्यांना सत्याग्रह करावा लागला १९२९ मध्ये. एस. एम. जोशींसारखी तरुण पोरं त्यात होती, दगड पडले. तेव्हा पहिल्या नंबराबद्दल आपण पुणेकरांनी जरा हळू बोलावं. आपले विठ्ठल रामजी शिंदे केरळातल्या १९२४ च्या वायकोम सत्याग्रहात जाऊन आले होते, हे पेठेत किती जणांना ठाऊक आहे?

आणि जोतिबांची तऱ्हा वेगळी. त्यांचा आसूड कडाडतो. गुरू आवाज चढवत नाहीत. वायकोमला देवळाभोवतीच्या रस्त्यासाठी लढा सुरू झाला तेव्हा त्यांनी स्वतःचा वेल्लूरचा मठ सत्याग्रहींना राहायला दिला, वर हजार रुपये दिले. १९२५ च्या मार्चमध्ये गांधीजी शिवगिरीला भेटले. समोरच्या आंब्याकडे बोट दाखवून गांधीजी म्हणाले, याची पानंसुद्धा एकसारखी नाहीत, माणसं कशी असतील? गुरूंचं उत्तर असं सांगतात की, पानं चावून बघा, रस सगळ्यांचा एकाच चवीचा.

त्यांच्यासोबत माणसंही एकेक होती. डॉ. पल्पू मद्रासहून डॉक्टर होऊन आले, तर ईळव म्हणून त्रावणकोर सरकारने नोकरी दिली नाही. मग म्हैसूर संस्थानात नोकरी केली. १८९६ ला त्यांनी त्रावणकोरच्या महाराजांकडे अर्ज धाडला, सह्या १३,१७६. कवी कुमारन आशान गुरूंच्या त्या १९०३ च्या संस्थेचे पहिले सरचिटणीस. देवळं सगळ्यांना खुली करणारा त्रावणकोरचा जाहीरनामा निघाला १९३६ ला. गुरू १९२८ च्या सप्टेंबरातच गेले होते.

मला सगळ्यात मोठी वाटते ती दारूची गोष्ट. ताडीवर पोट असलेल्या आपल्याच माणसांना त्यांनी सांगितलं : दारू विष आहे, ती करू नये, देऊ नये, पिऊ नये. दुसऱ्याच्या जातीला उपदेश कुणीही करतं! आमच्या फिटरच्या आजोबांनी त्यापायी माडावर चढणं सोडलं आणि काथ्या वळायला घेतला. सुरुवातीला दोन वेळची मारामार, घरात बायको-पोरांची बोलणी. फिटर रिटायर झाला त्या रात्रीच्या पार्टीत आम्ही सगळे 'बसलो' होतो आणि तो लिंबू सरबत घेऊन आमच्या चकल्या संपवत होता.

चिंचवडचा_मल्याळी

दारूगोळा काका, वाचून बरं वाटलं. माझा जन्म चिंचवडचा, त्यामुळे मराठीतच लिहितो, आई वाचत नाही हे बरं. आमच्याकडे संध्याकाळी दिवा लागला की 'दैवदशकम' म्हणतात, गुरूंनी रचलेली दहा कडव्यांची प्रार्थना. त्यात कुठल्याच देवाचं नाव नाही. लहानपणी मला ती 'शुभंकरोति'च वाटायची. शेजारच्या मुलांना वेगळं का येतं ते कळायचं नाही.

एक गोष्ट मात्र बोलायला हवी. "माणसाला एक जात, एक धर्म, एक देव" हे गुरूंचं वाक्य सगळ्यांच्या भिंतीवर आहे. त्यांच्याच एका शिष्याने, सहोदरन अय्यप्पनने, ते बदलून "जात नको, धर्म नको, देव नको माणसाला" असं केलं. १९१७ ला त्याने चेरायीला सगळ्या जातींची पंगत बसवली तेव्हा आमच्याच लोकांनी त्याला वाळीत टाकलं. गुरूंनी त्याला दूर केलं नाही. आणि आता? माझ्या लग्नाचं बघताना आईने पहिली अट घातली, मुलगी आपल्यातलीच हवी. अट सांगताना ती त्याच फोटोखाली बसली होती. मी फोटोकडे बोट दाखवलं तर म्हणाली, "ते संन्यासी होते, त्यांना काय जातंय."

पेठेतला

हे मात्र आमच्याकडेही सेम टू सेम. भिंतीवरचा फोटो फक्त वेगळा.

सौदागरकर

सगळ्यांचे आभार. दारूगोळा काका, तुमचा प्रतिसाद काकांना, म्हणजे वरच्या मजल्यावरच्यांना, वाचून दाखवला. ते एचएमधून, म्हणजे पिंपरीच्या हिंदुस्तान अँटिबायोटिक्समधून, रिटायर झालेत, मराठी उत्तम कळतं. मीच आजवर कधी बोलले नव्हते. 'जातिभेदं मतद्वेषं' वाचायला लागले तर पुढची ओळ त्यांनीच पूर्ण केली.

डब्यातून उकडीचे मोदक दिले, गणपतीचेच दिवस होते. काकूंनी एक फोडला, आत बघितलं आणि काकांना हाक मारली, "अहो, कोळुक्कट्ट!" त्यांच्याकडे हेच करतात म्हणे, तांदळाच्या पिठाचं, आत खोबरं-गूळ, फक्त गोल, कळ्या नाहीत. माझ्या कळ्या बघून कौतुक केलं, मी लगेच सुखावले.

आरशाचंही विचारलं. काकांनीच घरी केलाय, दाढीच्या ब्लेडने. पारा पाठीमागून खरवडायचा असतो ना, तर पहिल्या खेपेला अक्षर सरळ काढलं आणि पुढून उलटं दिसायला लागलं. दुसरा आरसा आणला, तो देव्हाऱ्यात. पहिला टाकवेना, म्हणून बाल्कनीत टांगलाय. काका रोज सकाळी त्यात बघून दाढी करतात.